आगामी पुस्तकांची वही : मुलांसाठी लिहिणाऱ्याने चालू काम कसे सांभाळावे आणि त्याविषयी केव्हा बोलावे

सोलापुरातल्या एका शाळेत तीन वर्षांपूर्वी गोष्टी सांगण्यासाठी गेलो होतो. बोलण्याच्या ओघात मी चौथीच्या मुलांना सांगून टाकले, की सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक पक्ष्यावर माझे एक पुस्तक लवकरच येत आहे. मुले खूश झाली, शिक्षकांनी मान डोलावली आणि मीही घरी येऊन समाधानाने जेवलो. दोन वर्षांनी त्याच शाळेत पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा मधल्या सुट्टीत एक मुलगा जिन्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ते पक्ष्याचं पुस्तक आलं का?" पुस्तक आले नव्हते. मी काहीतरी सारवासारव केली. त्यावर तो, रागाने मुळीच नव्हे, अगदी सहज म्हणाला, "असू द्या सर, आता मी सहावीत आहे."

मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाला दोन वर्षे उशीर झाला, तर वाचक दोन वर्षे वाट पाहतो. मुलांच्या पुस्तकाला तेवढाच उशीर झाला, तर ज्याला शब्द दिला तो वाचक त्या पुस्तकाच्या वयातून निघून गेलेला असतो. म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्याने आपले चालू काम नीट मांडून ठेवणे आणि आगामी पुस्तकाविषयी योग्य वेळी योग्य तेवढेच बोलणे, या दोन गोष्टी लेखनाइतक्याच मन लावून शिकल्या पाहिजेत. पुढे जे लिहिले आहे, ते गेल्या वर्षभरात मी स्वतःला लावून घेतलेल्या रीतीचे वर्णन आहे. आपल्या शहरात आणि जिल्ह्यात मुलांसाठी लिहिणारे जे शिक्षक, गृहिणी, ग्रंथपाल आणि नवे लेखक मला भेटतात, ते सगळे साधारण याच जागी अडखळतात, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

वही आणि तिची जोडपाने

व्यापारी जमाखर्चासाठी वापरतात तशी लाल कापडी पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्यावी. मोबाइलमध्ये टिपणे ठेवण्याला माझी हरकत नाही. पण मोबाइलमधले टिपण खाली खाली सरकत जाते आणि महिन्याभरात दिसेनासे होते, तर वहीतले अर्धवट पुस्तक दर वेळी पान उलटताना समोर येऊन उभे राहते. प्रत्येक कामासाठी समोरासमोरची दोन पाने, म्हणजे एक जोडपान, राखून ठेवावे.

डाव्या पानावर न बदलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: पुस्तकाचे कामचलाऊ नाव, वयोगट, ते चित्रपुस्तक आहे की कथासंग्रह, कादंबरिका की माहितीपर पुस्तक, अंदाजे पाने किती, आणि एका वाक्यात गोष्ट. या शेवटच्या ओळीला फार महत्त्व आहे. जी कल्पना एका वाक्यात मावत नाही, ती बहुधा अजून पुस्तक झालेली नसते, केवळ विषय असते. 'सोलापूरची चादर' हा विषय झाला. 'मागावरचा धोटा दिवसभर इकडून तिकडे धावतो आणि रात्री माग बंद झाल्यावर आपण नेमके कुठे पोहोचलो, असे विचारतो' ही गोष्ट झाली. विषयावर कितीही पाने लिहिली तरी त्याला शेवट सापडत नाही; गोष्टीचा शेवट निदान कुठल्या दिशेला आहे, हे तरी ठाऊक असते.

उजव्या पानावर कामाची अवस्था तारखेनिशी लिहावी. मी पाच अवस्था मानतो: बी (नुसती कल्पना), खर्डा, मुलांपुढे वाचलेला खर्डा, चित्रे आणि छपाई. प्रत्येक नोंदीखाली 'पुढचे एकच काम' अशी एक ओळ असावी आणि ते काम एका बैठकीत होण्याजोगे असावे. 'माळढोक पूर्ण करणे' अशी नोंद सहा महिने तशीच पडून राहते. 'माळढोकाच्या पायांविषयी तपासणे' ही नोंद दुसऱ्याच दिवशी खोडता येते. काम दुसऱ्या कोणाकडे थांबले असेल, तर तेही लिहावे, कारण लेखकाला नेहमी वाटते की प्रकाशकाने उशीर लावला आणि वही मात्र दाखवते की दुरुस्त केलेला खर्डा आपल्याच टेबलावर पाच आठवडे होता.

माझ्या वहीत सध्या चार जोडपाने चालू आहेत. धोट्याचे, म्हणजे मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाचे, चित्रपुस्तक पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि त्याची चित्रे अर्ध्यावर आली आहेत. माळढोकाचे माहितीपर पुस्तक आठ ते दहा वयोगटासाठी असून त्याचा खर्डा दोनदा वाचून झाला आहे आणि नुकतीच पहिली रेखाटने आली आहेत. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत घडणारी, दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची कादंबरिका सहाव्या प्रकरणात अडली आहे. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचे छोटे चरित्र अजून बी आहे. त्याहून जास्त कामे एका वेळी उघडी ठेवू नयेत, असे मला अनुभवाने वाटते. आणि ठेवायची झालीच, तर ती एकाच अवस्थेतली नसावीत. तीन खर्डे एकदम लिहायला घेतले, की तिन्हींतली मुले एकाच आवाजात बोलू लागतात. एक काम खर्ड्यात, एक मुलांपुढे आणि एक चित्रकाराकडे असेल, तर मात्र एकाची वाट पाहण्यातला वेळ दुसऱ्याला मिळतो.

वहीच्या शेवटी आठ-दहा पाने बियांसाठी ठेवावीत. आपल्या गावाविषयी लिहिताना ती फार उपयोगी पडतात. नव्या लेखकाचा मोह असा असतो, की चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी, हुरडा, भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचा तलाव हे सगळे एकाच पुस्तकात आले पाहिजे. मग ती गोष्ट राहत नाही, पाहुण्याला शहर दाखवण्याची फेरी होते. माझ्या कादंबरिकेत आजोबा आणि नात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जातात, आणि नात विचारते, की हे चौघे कोण. पहिल्या खर्ड्यात मी तिथेच थांबून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांची, १९३० च्या मार्शल लॉची आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात दिलेल्या फाशीची हकिकत सांगत बसलो. सहा पाने झाली. यात्रा बिचारी ताटकळत उभी राहिली. ती सहा पाने आता बियांमध्ये आहेत आणि त्यांचे वेगळे पुस्तक होईल. कादंबरिकेत फक्त आजोबांनी चप्पल काढून केलेला नमस्कार उरला आहे.

वर्षाची आखणी

सोलापूरचे वर्ष लेखकाला आयतेच आखून मिळते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा नवे लिहिणे माझ्याच्याने होत नाही, पण पहाटे पाच ते आठ या वेळात दुरुस्त्या उत्तम होतात आणि संध्याकाळी गच्चीवर सुट्टीतली मुले हवी तितकी मिळतात. म्हणून खर्डा एप्रिलपूर्वी हातावेगळा करावा आणि मे महिना वाचून दाखवण्यासाठी ठेवावा. दिवाळी अंकांची मागणी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तिच्यासाठी पुस्तकातले एखादे प्रकरण देता येते, मात्र ते आधी छापून आले आहे हे पुस्तकाच्या प्रकाशकाला सांगावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे. मोठ्या वयोगटाच्या लेखनाचा कस अशा ठिकाणी लागतो. यात्रेवर लिहायचे असेल, तर संक्रांतीच्या सुमारास रस्त्यावर उभे राहण्यावाचून दुसरा उपाय नाही, आणि एक जानेवारी हुकला की पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागते.

मुलांपुढे वाचणे

जे काम मुलांपुढे वाचलेले नाही, त्याला मी आगामी पुस्तक म्हणत नाही. हा टप्पा बहुतेक लेखक टाळतात किंवा स्वतःच्या मुलांपुढे वाचून तो पार पडला असे मानतात. स्वतःची मुले प्रेमापोटी ऐकतात, नाहीतर नंतर आइस्क्रीम मिळेल म्हणून ऐकतात. ओळखीच्या घरांतली आठ-दहा मुले गोळा करावीत आणि त्यांत वेगवेगळ्या घरभाषांची मुले येतील असे पाहावे. आपल्या शहरात ते अवघड नाही: पूर्वभागात घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले तर प्रत्येक वर्गात आहेत, आणि यांतली बरीच मुले शाळेत मराठी पुस्तके वाचतात. त्यांना ओसरी, माजघर, परसदार हे शब्द गोष्टीच्या ओघात कळतात की त्या शब्दांपाशी गोष्ट थांबते, हे घरात बसून समजत नाही.

वाचताना चित्रे दाखवू नयेत, प्रस्तावना करू नये आणि मध्ये कशाचाही अर्थ समजावून सांगू नये. खर्ड्याची एक प्रत दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हातात द्यावी आणि त्याने समासात तीनच खुणा कराव्यात: मुले हसली तिथे गोल, कोणी प्रश्न विचारला तिथे प्रश्नचिन्ह, आणि मुले पंख्याकडे किंवा रस्त्याकडे पाहू लागली तिथे आडवी रेघ. वाचणाऱ्याला स्वतःला या खुणा करता येत नाहीत. त्याचे अर्धे लक्ष आपण किती छान वाचतो आहोत याकडे असते. वाचून झाल्यावर 'गोष्ट आवडली का?' हा प्रश्न विचारू नये, कारण मुले शहाणी असतात आणि हो म्हणतात. त्याऐवजी, 'आत्ता जो मुलगा उशिरा आला, त्याला कोण गोष्ट सांगेल?' असे विचारावे. सांगताना मूल जे गाळते, ते बहुधा गाळण्याजोगेच असते.

धोट्याच्या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यातले एक वाक्य असे होते: 'यंत्रमागाच्या कर्णकर्कश ध्वनीने अवघा आसमंत दुमदुमून गेला.' समासात लांबलचक आडवी रेघ आली. दुसऱ्या दिवशी ते असे झाले: 'माग सुरू झाला. खटक्-खट्, खटक्-खट्. आजोबा काहीतरी म्हणाले, पण ऐकूच आले नाही.' हे वाचल्यावर समोर बसलेली तिसरीतली एक मुलगी, जिचे वडील मागावर कामाला जातात, पटकन म्हणाली, "माझे पप्पा घरी आल्यावर पण मोठ्यानंच बोलतात. मम्मी म्हणते, माग बंद झाला, आता हळू बोला." मी बावीस वर्षे या शहरात यंत्रमागाचा आवाज ऐकतो आहे, पण त्या आवाजाचा एवढा खरा तपशील मला सुचला नव्हता. तो पुस्तकात सातव्या पानावर आहे. तिनेच दुसरी दुरुस्तीही सुचवली, की गोष्टीतले घर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराचे आहे तर नातू आजोबांना आजोबा का म्हणतो, ताता म्हणू दे की. तसे केले. मराठी मुलांना ताता म्हणजे कोण, हे दुसऱ्या वाक्यात आपोआप कळते.

दुसऱ्या फेरीत खर्डा मुलांनाच मोठ्याने वाचायला द्यावा. पाच ते सात वर्षांच्या पुस्तकासाठी ही फेरी अनिवार्य आहे, कारण कानाला सोपे असलेले वाक्य डोळ्याला सोपे असतेच असे नाही. जिथे मूल अडखळते, तिथे बहुतेक वेळा जोडाक्षर असते किंवा ओळ चुकीच्या जागी तुटलेली असते. अर्थात याचा फार बाऊही करू नये. 'उद्ध्वस्त' या शब्दावर दुसरीतली चारही मुले अडली, पण त्याहून फारसा सोपा नसलेला 'सिद्धेश्वर' हा शब्द त्यांनी न थांबता वाचला. तो त्यांनी दुकानाच्या पाट्यांवर, बसवर आणि मंदिराच्या कमानीवर पाहिलेला असतो. ओळखीचा अवघड शब्द ठेवावा, अनोळखी अवघड शब्द बदलावा, एवढा विवेक पुरे.

बोलीचा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. सोलापुरी मुलगा मित्राला 'काय करतो आहेस रे?' असे विचारत नाही, तो 'काय करलालास बे?' असे विचारतो. कादंबरिकेत मी मुलांच्या आपसातल्या संवादात ही बोली ठेवली आहे आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे. ती ओळ वाचली तेव्हा आडवे पडून ऐकणारी दोन मुले उठून बसली, हे मी पाहिले आहे. एका शिक्षकांनी 'बे' हा शब्द पुस्तकात शोभत नाही असे सांगितले. त्यांचे म्हणणे मी अर्धे मानले: बरोबरीच्या मुलांच्या तोंडी तो ठेवला, आजीशी बोलताना कोणाच्याही तोंडी येऊ दिला नाही. घरोघरी रीत तशीच आहे.

खरेपणाची तपासणी

माहितीपर पुस्तकाच्या खर्ड्यातले प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर उतरवावे आणि त्यापुढे ते कशावरून लिहिले, ते नोंदवावे. नान्नजचे अभयारण्य १९७९ सालचे आहे, माळढोक साधारण मीटरभर उंच असतो, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरू शकते, मादी घरटे न बांधता उघड्या माळावर बहुधा एकच अंडे घालते, ही विधाने मी अशी एकेक करून तपासली. एक मात्र राहून गेले. चित्रकाराने पाठवलेल्या पहिल्याच रेखाटनात माळढोक बाभळीच्या फांदीवर ऐटीत बसलेला होता. चित्र सुंदर होते आणि चूक माझी होती. माळढोकाच्या पायाला मागचे बोट नसते, त्यामुळे त्याला फांदी पकडून बसता येत नाही. तो माळावरच राहतो, चालतो आणि तिथूनच उडतो. हे मला ठाऊक होते, पण सांगण्याची गरज आहे असे वाटले नव्हते. आता पुस्तकात त्यावर एक स्वतंत्र पान आहे, ज्यात बाभळीवर बसलेला कावळा खालून चाललेल्या माळढोकाला वर बोलावतो.

कोटणीसांच्या चरित्राबाबत मी अजून कोणालाही काही कबूल केलेले नाही, ते याच कारणासाठी. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला मुलगा डॉक्टर होतो, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये जातो आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच मरण पावतो, हा सांगाडा पक्का आहे. पण बारा वर्षांच्या वाचकाला सांगाडा पुरत नाही. त्याला हे डॉक्टर काय खात होते, चिनी भाषा कसे शिकले, घरची आठवण आली तर काय करत होते, हे हवे असते. त्यातले जे मिळेल तेच लिहायचे आणि जे मिळणार नाही ते रचायचे नाही, असे ठरवले, की काम सावकाश होते. सावकाश होणाऱ्या कामाची वाच्यता करू नये.

यात्रेसारख्या विषयात आणखी एक पथ्य आहे. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या), बाराबंदी घातलेले मानकरी, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा, होम, यांचा क्रम लाखो लोकांना तोंडपाठ असतो आणि तो गोष्टीच्या सोयीसाठी बदलता येत नाही. कल्पनेला मोकळीक पात्रांमध्ये घ्यावी, विधींमध्ये घेऊ नये. माझ्या कादंबरिकेत सहावे प्रकरण अडले आहे ते मुलांनीच विचारलेल्या एका प्रश्नामुळे: "काठी धरणाऱ्याला शिंक आली तर?" याचे उत्तर मला मानकऱ्यांकडूनच घ्यायचे आहे.

डमी, चित्रकार आणि करार

चित्रपुस्तकाचा मजकूर चित्रकाराकडे पाठवण्यापूर्वी लेखकाने स्वतः डमी करावी. ए-फोर आकाराचे सहा कागद एकावर एक ठेवून मधोमध घडी घालावी आणि घडीवर दोन पिना माराव्यात. चोवीस पानांचे पुस्तक हातात येते. पहिले पान शीर्षकाला आणि दुसरे श्रेयनामावलीला गेले, की गोष्टीसाठी सुरुवातीचे एक सुटे पान, दहा जोडपाने आणि शेवटचे एक सुटे पान उरते. मजकुराचे तुकडे कापून त्यावर चिकटवावेत. उत्कंठा विषम क्रमांकाच्या पानाच्या शेवटी असावी, म्हणजे उत्तरासाठी मूल पान उलटते. धोट्याच्या पुस्तकात अकराव्या पानावर 'पण आज धोटा मध्येच थांबला' एवढेच वाक्य आहे आणि सूत तुटल्याचे बाराव्या पानावर दिसते. पूर्वी ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर होती आणि ती तिथे अगदी मेल्यासारखी पडली होती.

चित्रकार सोलापूरबाहेरचा असेल, तर त्याला छायाचित्रे, आवाजाची ध्वनिफीत आणि जमल्यास धोटा व सुताची कांडी या वस्तूच पाठवाव्यात. 'माग' म्हटल्यावर बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर हातमाग येतो. माझ्या पुस्तकाच्या पहिल्या रेखाटनात आजोबा हातमागावर बसलेले होते. यंत्रमागावरचा कामगार दिवसभर उभा असतो आणि या मागाकडून त्या मागाकडे जात असतो, हे एका मिनिटाच्या चित्रफितीने जितके कळले तितके माझ्या दोन पानी पत्राने कळले नव्हते. त्यानंतर मात्र चित्रकाराला मोकळे सोडावे. मजकुरात जे चित्रात दिसणार आहे, ते मजकुरातून काढून टाकण्याचे धैर्य लेखकाकडे हवे.

कराराविषयी थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, आणि करारात वेगळे काही नमूद नसेल तर, प्रकाशकाने मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही की तो हक्क संपुष्टात येतो. शेवटची तरतूद आगामी पुस्तकांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, म्हणून 'वेगळे नमूद' काय केले आहे ते सहीपूर्वी वाचावे. चित्रांचे हक्क कोणाकडे राहतील, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे.

किती आणि केव्हा सांगावे

आता मूळ प्रश्नाकडे. बी आणि खर्डा या अवस्थांतल्या कामाविषयी बाहेर बोलू नये. कोणी विचारलेच, तर 'लिहितो आहे' एवढे म्हणावे. मुलांपुढे वाचून झालेल्या कामाचा विषय सांगावा, नाव सांगू नये, कारण नाव प्रकाशकाकडे गेल्यावर हमखास बदलते आणि मुले जुने नाव विसरत नाहीत. चित्रे सुरू झाली, म्हणजे नाव, वयोगट आणि चित्रकार सांगावे. रेखाटन दाखवायचे असेल तर चित्रकाराची परवानगी आधी घ्यावी. महिना मात्र पुस्तक छपाईला गेल्यावरच सांगावा. 'लवकरच' हा शब्द वापरूच नये. मोठ्या माणसाला त्याचा अर्थ 'कधीतरी' असा कळतो आणि मुलाला 'पुढच्या आठवड्यात' असा.

निवेदन लहान असावे आणि कोणत्या वयाच्या वाचकासाठी पुस्तक आहे, ते पहिल्याच वाक्यात यावे. उदाहरणादाखल, या वर्षी शाळांना पाठवण्यासाठी मी लिहिलेले निवेदन असे आहे:

'पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मागावरच्या धोट्याचे एक चित्रपुस्तक तयार होत आहे. त्याची निम्मी चित्रे झाली आहेत. तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी माळढोक पक्ष्यावरचे पुस्तक लिहून झाले आहे आणि त्याची चित्रे नुकतीच सुरू झाली आहेत. कोणते पुस्तक कोणत्या महिन्यात येईल, हे ते छापायला गेल्यावर कळवीन. तोवर कोणाला धोट्याला किंवा माळढोकाला काही विचारायचे असेल, तर पोस्टकार्डावर लिहून शिक्षकांकडे द्यावे.'

कादंबरिकेचा आणि चरित्राचा यात उल्लेख नाही. पोस्टकार्डे मात्र मागवावीतच. आतापर्यंत आलेल्यांपैकी एकावर 'धोटा पडला तर त्याला लागतं का' असे आहे, आणि त्या प्रश्नासाठी अठरावे पान बदलण्याचा माझा विचार चालू आहे. सोडून दिलेल्या पुस्तकाविषयीही एकदा स्पष्ट कळवावे. 'ते पुस्तक मला जमले नाही' हे वाक्य मुले फार समजूतदारपणे घेतात. त्यांचीही चित्रे, प्रकल्प आणि पाढे अधूनमधून जमत नसतात.

एक नोंद मी डाव्या पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने करतो. ज्या वर्गाला एखाद्या पुस्तकाविषयी सांगितले, त्याची इयत्ता तिथे लिहितो आणि दर जूनमध्ये, शाळा सुरू झाली की, जुना आकडा खोडून पुढचा लिहितो. माळढोकाच्या जोडपानावर चारचे पाच, पाचचे सहा झाले होते; या जूनमध्ये तिथे सात लिहिले.